खरखरनाना

आमचे नाना दातांनी ऐकत. त्यांना कान नव्हते असं नाही; चांगले सुपाएवढे दोन कान होते. पण लढाईत बिनतारी खात्यात असताना जवळच गोळा फुटला आणि डावा कान पार गेला, उजवा निम्मा गेला. तेव्हापासून एखाद्या यंत्राचा आवाज ऐकायचा असला की ते एका लांब पेचकसाची मूठ दातांत धरीत, टोक त्या यंत्राला टेकवीत आणि डोळे मिटून बसत. नव्या माणसाला वाटे, हा रेडिओ खायला निघाला की काय! पाचेक मिनिटांनी ते पेचकस काढीत, धोतराला पुसत आणि बिघाड कुठे आहे ते सांगत. बिघाड तिथेच असे.

त्यांचं खरं नाव आमच्या भागात कोणी घेत नसे. ते शिंदखेड्याकडचे, अहिराणी बोलणारे. लढाई संपल्यावर त्यांनी जळगावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. तेव्हा खेड्यापाड्यांत रेडिओ म्हणजे गावात एखादा, तोही बॅटरीवर चालणारा, आणि त्यातून बातम्यांपेक्षा खरखरच जास्त येई. ती घालवायला नाना सायकलवरून येत, म्हणून ते खरखरनाना. तोंडावर कोणी तसं म्हटलं तरी त्यांना राग नसे. "खरखरले नावं ठेवू नका," ते म्हणत. "ती खोटं बोलस नही. कोठे दुखस ते सांगस."

खरखरीच्या त्यांनी जाती पाडल्या होत्या. पापड मोडल्यासारखी असली तर तार आतून तुटत चालली आहे. तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडल्यासारखी चरचरली तर कुठेतरी ओल शिरली आहे. आणि कडब्यातून उंदीर पळावा तशी आली तर सांधा बिघडला आहे. या जाती मी त्यांच्याकडूनच शिकले. आजही घरातलं एखादं यंत्र कुरकुरलं की मी आतून सांगते, "उंदीर आहे रे, सांधा बघ." नातवंडं हसतात, आणि मग सांधाच निघतो. मग ती माझ्याकडे अशी बघतात की मला फार बरं वाटतं. ते कौतुक माझं नाही, नानांचं आहे, हे मी दर वेळी सांगतेच असं मात्र नाही.

रेडिओला थापट्या मारणाऱ्या माणसाचा त्यांना मनस्वी तिटकारा. आमच्या ह्यांना ती खोड होती. बातम्या बुडाल्या की हे पेटीवर दोन थापा देत, आणि गंमत म्हणजे आवाज पुन्हा येई. नानांनी एकदा ते पाहिलं. पेटी ओढून स्वतःच्या मांडीवर घेतली, जशी काही मारकुट्या बापाच्या हातून पोर काढून घ्यावी, आणि म्हणाले, "भाऊ, थापड मारी तर पोऱ्या गप व्हस. बरा नही व्हस." त्यानंतर ह्यांनी रेडिओवर हात उगारला नाही. पुढे आपल्या पोरावरही उगारला नाही, हे लिहून ठेवते.

आता माझं सांगते, कारण नानांचं मोठेपण सांगायला दुसरं साधन माझ्याजवळ नाही.

रावेरकडे जाताना वाटेत आमचं गाव. घर केळीवाल्याचं. मला पहिला मुलगा झाला, मधू. तो चार महिन्यांचा असताना मला खोकल्यातून रक्त पडलं. जळगावच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि क्षय सांगितला. तेव्हा त्याच्यावर औषध म्हणावं असं आमच्यापर्यंत काही पोचलेलं नव्हतं. मोकळी हवा, दूध-अंडी, पडून राहणं, आणि बाकी नशीब. "मूल जगवायचं असेल तर आईला त्याच्या वाऱ्यालाही उभं करू नका," असं ते ह्यांना हळू आवाजात म्हणाले. मी शेजारच्या बाकावर बसले होते. मला सगळं ऐकू आलं.

मळ्यात विहिरीजवळ पत्र्याची एक खोली होती. तिथे माझी खाट टाकली. घर तिथून तीनशे पावलांवर, मधे केळीची बाग. हे सकाळ-संध्याकाळ येऊन बांधावर उभे राहून बोलत. माझ्या सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणे. त्या दोन्ही वेळचं ताट स्वतः आणून उंबऱ्याबाहेर ठेवत, दहा पावलं मागे सरत आणि मी खाईपर्यंत उन्हातान्हात तिथेच बसून राहत. मला कोणी हिडीसफिडीस केलं नाही. मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत सासूला वाईट करून टाकायची लोकांना फार हौस असते.

सगळं होतं, पण पोराचा आवाज नव्हता. पश्चिमेचा वारा सुटला तर घराकडून कधीतरी एखादं रडणं येई. केळीच्या पानांची फडफड एवढी, की तांदळातले खडे निवडावे तसं ते रडणं निवडून घ्यावं लागे. डॉक्टरांनी पडून राहा म्हटलेलं असताना मी खोलीमागच्या दगडावर चढून तासन्‌तास उभी राही. वारा पडला की माझाही जीव पडे. ताटातला घास तोंडात फिरायचा, उतरायचा नाही. महिन्याभरात माझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरांनी ह्यांना स्पष्टच सांगितलं की बाई खाणार नसेल तर दोन महिने धरा.

अशात एकदा नाना रेडिओ बघायला आले आणि हात धुवायला विहिरीवर आले. मी दगडावर उभी. ते थबकले. इतर कोणी असतं तर मान खाली घालून निघून गेलं असतं. नानांनी सरळ विचारलं, "बहीण, तू काय ऐकस?"

मी पदर तोंडावर घेतला. "जवळ येऊ नका. मला क्षय आहे."

"ते माले समजनं. काय ऐकस ते सांग."

"माझं पोर."

त्यांनी उजवा कान घराकडे केला आणि बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "माले काहीच ऐकू येत नही. तुले येस?"

"वारा आला की येतं."

"वारावर कोन भरवसा ठेवस!" असं काहीसं रागानेच बोलले, आणि हात न धुताच गेले.

चार दिवसांनी सायकलला तारेचं भेंडोळं अडकवून परत आले. लढाईतला माल भुसावळच्या भंगार बाजारात निघाला होता, त्यातून त्यांनी फौजी टेलिफोनची तार आणि त्याचे दोन तुकडे उचलले होते: एक बोलायचा, एक ऐकायचा. बोलायचा तुकडा त्यांनी मधूच्या पाळण्याच्या दोरीला बांधला, ऐकायचा माझ्या उशाशी ठेवला, मधे एका खोक्यात बॅटरीचे सेल. तार एकसंध नव्हती, पाच तुकडे होते, म्हणून चार ठिकाणी सांधे आले. बांधावर बांबू रोवून त्यांनी ती घरापासून खोलीपर्यंत आणली. हे शिडी धरायला होते. नानांना कोणी बोलावलं नव्हतं, कोणी सुचवलं नव्हतं, आणि हे सगळं कशासाठी असं विचारायचा धीरही कोणाला झाला नाही.

"लाव कानले," नाना म्हणाले.

मी लावला. आधी पाळण्याच्या कडीचं कुईकुई आलं. मग अक्कांच्या बांगड्या. मग काहीच नाही. आणि मग त्या काहीच नाहीतून एक बारीक, सावकाश, वर जाणारा आणि खाली येणारा आवाज आला. मधू झोपला होता. तीनशे पावलांवर, भिंतीआड, केळीच्या बागेपलीकडे झोपलेल्या माझ्या पोराचा श्वास माझ्या कानात येत होता. मी रडले नाही. मी स्वतःचा श्वाससुद्धा हळू घेतला, त्याला जाग येईल म्हणून. माझा आवाज तिकडे जात नाही, हे मला नानांनी दोनदा समजावून सांगितलं होतं, तरी.

पुढे आयुष्यात मी बरंच काही पाहिलं. विमानात बसले, घरात बटण दाबून चित्रं हलताना पाहिली. लोक तोंडात बोटं घालत आणि मला काहीच वाटत नसे. जे नवल वाटायचं ते त्या दुपारी एकदाच वाटून संपलं.

त्या दिवसापासून मी खायला लागले. मधूला अक्का पेज भरवायच्या, त्याच्या मिटक्या मला ऐकू यायच्या, आणि त्याच वेळी मी माझं ताट पुढे ओढायचे. आम्ही मायलेकरं एका पंगतीला बसायचो, असं मी मनाशी धरलं होतं. त्याचं पहिलं हसणं मी ऐकलं. दात येताना त्याने घर डोक्यावर घेतलं, तेही ऐकलं. अक्का पाळणा हलवताना त्याला सुनेचे गुण-अवगुण सांगत, तेही सगळं ऐकलं, आणि आपल्याला ऐकू गेलं असं त्यांना कधी कळू दिलं नाही. बांगड्या हळूहळू मनगटाकडे यायला लागल्या.

नाना महिन्यातून एकदा येत. घरी बोलायचा तुकडा उघडून आतली कोळशाची बारीक भुकटी मोकळी करत, सेल बदलत, आणि माझ्या उंबऱ्यावर बसत. त्या उंबऱ्यावर बसणारे ते एकटेच. मी म्हणे, नाना, तुम्हाला भीती नाही वाटत? ते म्हणत, "वाटस ना. म्हनीसन तर पाठ तुनाकडे करीसन बससू." आणि खरोखरच माझ्याकडे पाठ करून, बागेकडे तोंड करून बसत आणि तासभर गप्पा मारत. डॉक्टरांचा शब्द मोडायचा नाही आणि माणूसही तोडायचं नाही, याची त्यांनी काढलेली ही तोड.

मग वैशाख आला. आमच्याकडचा वैशाख म्हणजे पत्र्याखाली माणूस भाजून निघावं असा. एका सकाळी तुकडा कानाला लावला तर मधूच्या श्वासाबरोबर घरघर ऐकू आली. बारीक, कोरडी, थांबून थांबून येणारी. मी तो आवाज ओळखला. रात्रंदिवस माझ्या स्वतःच्या छातीतून तोच तर येत होता.

मी ओरडून ह्यांना बोलावलं. हे म्हणाले पोर ठणठणीत आहे. अक्का म्हणाल्या पोर ठणठणीत आहे. त्यांनी त्याला बांधापर्यंत आणून लांबून दाखवलंही. पण आजारी माणसाशी सगळी गोड खोटं बोलतात, हे मला सहा महिन्यांत पुरतं कळलं होतं. मला स्वतःला रोज "आज तोंडावर तेज आहे हं" असं सांगत होतेच की. पोराला दिसायला काय होतंय? मलाही सुरुवातीला काही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरघर वाढली. मी दोन दिवस अन्नाला शिवले नाही. सारखं एकच डोक्यात: मी दिलं. चार महिने दूध पाजलं, त्यातून दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी उठले आणि घराच्या दिशेने चालू लागले. मला त्याच्या छातीला कान लावायचा होता. एकदा, फक्त एकदा. डॉक्टर काय म्हणाले होते ते मला आठवत होतं आणि ते आठवत असतानाच मी चालत होते. ह्यांनी त्याच सकाळी जळगावला माणूस पाठवून नानांना निरोप दिला होता, हे मला माहीत नव्हतं. बांधाच्या मध्यावर नाना समोरून आले. सायकल टाकली आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"थांब बहीण. पहिले मी ऐकस."

"ऐकून काय करणार? त्याला लागलाय रोग."

"लागेल व्हई तर मी सोता तुले घर लई जासू. पन पहिले मी ऐकस."

त्यांचं ऐकलं, कारण ते माझ्याशी कधी गोड बोलले नव्हते.

खोलीत येऊन त्यांनी पेचकस तुकड्याला टेकवला आणि दातांत धरला. मी दाराबाहेर उभी. त्यांचे डोळे मिटलेले, कपाळावरून घाम गळतोय, गालाचा एक स्नायू मधेच उडतोय. माझ्या पोराचं काय ते त्या माणसाच्या दातांत ठरत होतं. कितीतरी वेळ गेला. मग उठले, घराकडे गेले. मधूला अक्कांच्या कडेवर देऊन त्यांनी परसात पाठवलं, आणि रिकाम्या पाळण्यापाशी, त्या बोलायच्या तुकड्यावर, आपलं खिशातलं घड्याळ टेकवून ठेवलं. परत तीनशे पावलं चालत आले.

"आते ऐक."

मी ऐकलं. टिक टिक टिक टिक. आणि त्या टिकटिकीच्या आत, थांबून थांबून, तीच घरघर.

"पाळणामा पोऱ्या नही. घड्याळ शे," नाना म्हणाले. "घड्याळले कधी खोकला व्हस का, बहीण?"

मी तुकडा पुन्हा कानाला दाबला.

"दुखनं तारले शे. पोऱ्याले नही."

तेव्हा मी रडले. सहा महिन्यांचं सगळं रडले. नाना बागेकडे तोंड करून बसून राहिले आणि माझं संपल्यावर म्हणाले, "व्हयनं? चाल, आते कामले लाग. तो आवाज तुना इतका कोनलेच माहीत नही." त्यांनी मला एक पांढरं फडकं दिलं. ते बाहेर जाऊन एकेक सांधा हलवणार, आणि घरघर वाढली की मी दारातून फडकं हलवायचं. सहा महिन्यांत मला कोणी काम सांगितलं नव्हतं.

पहिला सांधा हलवला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसरा सांधा निंबाच्या झाडापाशी होता. तो हलवला आणि माझ्या कानात कडब्यातून उंदीर पळाला. मी फडकं असं हलवलं की मला जोराचा खोकला आला.

नानांनी सांध्यावर गुंडाळलेली चिंधी सोडली. आत काळ्या दोऱ्याने बांधलेला एक बिब्बा होता. आमच्याकडे तान्ह्या पोराच्या पाळण्याला दृष्ट लागू नये म्हणून बिब्बा बांधतातच, पण तारेला? वैशाखाच्या उन्हात तो बिब्बा उतून त्याचं तेल पाझरलं होतं, तारेच्या पिळात शिरलं होतं आणि वाळून लाखेसारखं बसलं होतं. वाऱ्याने सांधा हलला की तिथे वीज अडखळे. चारही सांधे बघितले. चारही ठिकाणी बिब्बा.

फडकं बघून हे आणि अक्का घराकडून आले होते; हे भडकले. "कोणी केला हा उद्योग?"

अक्का पुढे आल्या. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "म्या बांधले," त्या म्हणाल्या. "पाळण्याले बांधला आहेच. पन त्याचा आवाज घराच्या बाहेर जाते ना बापा, एवढा लांब. रस्त्यात कोनाची नजर लागली त? त्या आवाजाले कोन राखीन?"

मला कळलं की ही बाई चार वेळा काठी टेकत बांधावर आली होती आणि शिडी नको म्हणून बांबू वाकवून तिने तारेला गाठी मारल्या होत्या. माझ्या पोराचा आवाज माझ्यापर्यंत सुखरूप यावा म्हणून.

नाना हसले नाहीत. यंत्र कळणारी माणसं न कळणाऱ्यांना हसतात, हे मी जन्मभर पाहिलं आहे. नाना हसले नाहीत. ते म्हणाले, "अक्का, तुम्ही केलं ते बराबर शे. फक्त तारले नको, खांबले बांधा. नजर तारवर बशीसन येवो नहीतर खांबवर, अडकस तठेच." आणि स्वतः चारही बिब्बे सोडून त्यांनी चार बांबूंना, अक्कांनी बांधले होते तशाच गाठीने बांधले. मग पिळात शिरलेलं तेल नखांनी आणि चाकूने खरडून काढलं. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की काय होतं हे खानदेशात लहान पोरालाही ठाऊक आहे. पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांची सालटं निघालेली होती. अक्कांच्या समोर त्यांनी ते हात बंडीच्या खिशातून बाहेर काढले नाहीत.

अकरा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, घरी जा. मला न्हाऊ घातलं, नवं लुगडं नेसवलं, अक्कांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी घरात पाऊल ठेवलं, हात पुढे केले आणि मधू किंचाळला. अक्कांच्या पदरात शिरला. पुन्हा माझ्याकडे बघितलं, पुन्हा किंचाळला. पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही. तिसऱ्या दिवशी मी खोलीत गेले की तो अन्न टाकायला लागला. त्याची शिंक मला ठाऊक होती, झोपेतलं चुळबुळणं ठाऊक होतं, कोणत्या रडण्यात भूक आणि कोणत्यात नुसता हट्ट ते ठाऊक होतं. आणि त्याच्या लेखी मी कोणी परकी बाई होते. मळ्यात मी मरणाला इतकी भ्याले नव्हते.

चौथ्या दिवशी नाना तार गुंडाळायला आले. मधूचं किंचाळणं त्यांच्या त्या अर्ध्या कानालाही ऐकू गेलं असावं. ओट्यावर बसले.

"चूक मनी शे," म्हणाले. "मी एकच बाजू जोडी. तू त्याले एवढा दिन ऐकं. त्यानी तुले एक दिन बी नही ऐकं."

कोणत्याही कामात नाना चुकले असं मी तोवर ऐकलं नव्हतं. ही चूक म्हणावी अशी तरी होती का? मेलेल्यातून मला उठवलं, तेवढं पुरे नव्हतं? पण ते माझं समाधान ऐकून घ्यायला तयार नव्हते. उठले आणि तार उलटी जोडायला लागले. बोलायचा तुकडा मळ्यातल्या खोलीत, ऐकायचा घरात. आवाज मोठा व्हावा म्हणून ऐकायचा तुकडा त्यांनी एका पितळी तपेल्यात टाकला आणि तपेलं मधूच्या खेळायच्या जागी ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आठ दिन परत तठे जाई राह्य."

अक्का कधी नव्हे त्या चिडल्या. "जिथून उठून आली तिथंच परत धाडता का तिले? असं नाही करत नाना!" हेही नको म्हणाले. त्या खोलीत पुन्हा पाय ठेवणार नाही अशी मीही मनात शपथ घेतली होती. पण मी गेले. नानांनी सांगितलं म्हणून गेले.

पहिल्या दिवशी काय बोलावं कळेना. मग मी मधूला मधूचंच सांगायला लागले. "परवा तू शिंकलास आणि स्वतःच दचकलास. होळीच्या दिवशी वाटी आपटून आपटून अक्कांचं डोकं उठवलंस." अकरा महिने ऐकलेलं सगळं त्याला परत दिलं. आता मात्र तिकडचं मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी बोलायचे आणि पलीकडे नुसती शांतता. ते दिवस फार जड गेले. मधेच अक्का बांधावर येऊन ओरडत, "बोल, बोल! थांबू नको! तपेल्यापाशीच बसला आहे!" तिसऱ्या दिवशी ओरडल्या, "तपेल्यात तोंड घालून बोलते!" सहाव्या दिवशी ओरडल्या, "तू जेवाले थांबली त रडला!"

नाना पुढच्या वर्षी दुकान आवरून धुळ्याकडे भावाच्या घरी गेले. आणखी काही महिन्यांनी ते गेल्याचं कळलं, तेही कोणाच्या तरी बोलण्यातून, दिवसवार होऊन गेल्यावर. मी त्या दिवशी चूल पेटवली नाही. ह्यांनीही जेवण मागितलं नाही. माझ्या माहेरच्या कोणासाठी मी इतकी रडले नसेन. पण नाना डोळ्यांसमोर येतात ते त्या आठव्या दिवसाचे, आणि तेच सांगून थांबते.

त्या सकाळी ते मळ्यात आले आणि म्हणाले, "आज गोष्ट सांग. पन अर्धी सोड. बाकीनी घर जाईसन दारमा सांग."

मी एका मांजरीची गोष्ट रचली. मांजर पावसात भिजली, वाट चुकली, खूप दिवस लांब राहिली. मग एक दिवस घर शोधत शोधत निघाली. बांधावरून आली, निंबाखालून आली, दाराशी आली. आणि दाराशी उभी राहून ती म्हणाली... एवढं बोलून मी तुकडा खाली ठेवला.

नाना म्हणाले, "जाय." मी बांधावरून चालू लागले. माझ्यामागून नाना येत होते, आणि येता येता तार बांबूवरून सोडून हाताला गुंडाळत होते. मी एकदा वळून पाहिलं तर खोलीपर्यंत तार उरलीच नव्हती. त्यांनी नुसतं हाताने पुढे हो म्हणून सांगितलं.

घरात मधू तपेल्यापुढे बसला होता. आत डोकावत होता, हाताने तपेलं थोपटत होता. अक्का भिंतीला टेकून श्वास धरून बसलेल्या. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. रोजच्याच आवाजात, त्या तुकड्यात बोलायचे त्याच आवाजात मी म्हटलं, "आणि मांजर म्हणाली, आत येऊ का?"

मधूने तपेल्यात पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. पुन्हा तपेल्यात पाहिलं. मी तेच पुन्हा विचारलं. तो उठला, भिंत धरत धरत, पडत, पुन्हा उठत उंबऱ्याशी आला आणि त्याने आपला हात माझ्या तोंडावर ठेवला, आवाज येत होता तिथे. मी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही, पण थांबले नाही. त्याने हात काढला नाही.